दुसऱ्या बटणाला थांबायचं

६ ऑक्टोबर १९९६
मासळी कारखाना, अलास्का

मिस्टर हॉलिस,

फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला शब्द कळत नाहीत, नुसती भुणभुण कळते. ओरडून बोलावं तर इथे एका फोनमागे अकरा माणसं रांगेत उभी असतात आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे. म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. शाळा नववीत सोडली तेव्हाच ते असं होतं, आता तर बोटं माशाच्या बर्फाने आखडलीत.

सरळ विचारतो. तुम्ही मिस एस्टेलच्या टेकाडावर काय करताय?

माझ्या बहिणीचं, लोरीनचं पत्र आलं. आधी दोन पानं तिच्या नवऱ्याची रड. मग शेवटी सहज टाकावं तसं लिहिलंय, "तुझा म्हातारा दर रविवारी मिस एस्टेलकडे असतो. चर्चला जाताना त्याची गाडी कोठाराच्या मागे दिसते, परत येताना तिथेच. परवा फावडं आणि बादली घेऊन चढ चढत होता. तू नसताना बरा उत्साह आलाय त्याला."

मी ते ओळीत उभा राहून वाचलं. आमची ओळ म्हणजे कॉड येतो, पोट फाडायचं, आतडी काढायची, पुढे ढकलायचा. पुढचे दहा मासे मी आतड्यांसकट ढकलले. मुकादम माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर.

आपलं काय ठरलं होतं? जुलैमध्ये तासभरच आपण त्या टेकाडावर जमिनीतला धातू शोधायचं मशीन फिरवलं. तासाभरात तीन गोळ्या, शिशाच्या, न उडवलेल्या, उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात शिपायांच्या हातून पडल्या तशाच. तुम्ही हेडफोन काढून म्हणालात, "कॉर्ब, इथे पलटण हिवाळाभर मुक्कामाला होती. वर कुणी हातच लावलेला नाही." मग वीज कडाडली, आपण मशिनं बंद करून पळालो, आणि चार दिवसांनी मला इकडे यायचं होतं. तेव्हा तुम्हीच हात पुढे केलात. मार्चमध्ये मी येईपर्यंत दोघांपैकी कुणीही टेकाडावर मशीन चालू करणार नाही. हात मिळवला होता आपण, तुमच्या गाडीच्या बोनेटवर.

तिथे खणायची मुभा मी मिळवलीय, मिस्टर हॉलिस. दोन उन्हाळे मिस एस्टेलची लाकडं फोडून. त्र्याऐंशी वर्षांची बाई, नवरा गेल्यापासून कुणालाही त्या चढावर पाय ठेवू देत नव्हती. मला दिली. लेखी दिली.

एका ओळीत उत्तर द्या. खणताय की नाही?

कॉर्बिन

*

२० ऑक्टोबर १९९६
व्हर्जिनिया

कॉर्बिन,

खणत नाही. मिस एस्टेलच्या कुंपणाचं काम करतोय.

टेकाडाचं म्हणशील तर त्यात काही राम नाही. मी चुकलो होतो. कोठाराचे खिळे, छपराचा पत्रा, कचरा आहे सगळा. ते डोक्यातून काढ. तू आलास की नदीकाठच्या शेतात जाऊ, तिथल्या मालकाशी मी बोलून ठेवतो.

लोरीनला सांग, चर्चला जाताना रस्त्याकडे बघून गाडी चालवत जा.

तिकडे थंडी असेल. कानटोपी घालत जा. माझे कान खाणीतल्या सुरुंगांनी गेले, तुझे थंडीने जायला नकोत. आपल्या धंद्यात कानच लागतात.

हॉलिस रॅग्सडेल

*

३ नोव्हेंबर १९९६
अलास्का

हॉलिस,

कचरा म्हणे.

तुम्ही डोळे मिटून नुसत्या आवाजावर सांगता, खाली पितळ आहे की लोखंड. पितळ गोड वाजतं, लोखंड खरखरतं, शिसं जाड्या माणसासारखं बोलतं, हे तुमच्याच तोंडचं. तो माणूस जुलैमध्ये म्हणतो पलटणीचा मुक्काम, आणि ऑक्टोबरमध्ये म्हणतो छपराचा पत्रा. मी नववी नापास असेन, पण इतका नापास नाही.

आणि कुंपणाला बादली कशाला लागते? लोरीनने पुन्हा बघितलं. बादली जड होती म्हणे, तुम्ही दोनदा थांबून हात बदललात. रिकाम्या टेकाडावर भरलेली बादली घेऊन कुणी चढतं का? उतरताना भरलेली असेल, तिला उलटं दिसलं असेल. गोळ्यांनी भरलेली बादली जडच असते.

मी इथे बंकवर पडून सगळं आठवत बसतो. दुसरं करायचं काय? एका खोलीत सहा माणसं, सगळ्यांच्या अंगाला माशाचा वास. खिडकीतून बघावं तर धुकं, आणि धुकं हटलं की दिसतं ते आणखी धुकं.

तुम्ही मला काय शिकवलं ते सांगू? पाठ आहे. चांगला आवाज लागला की फावडं जमिनीत रोवायचं, डावा हात वर करायचा आणि थांबायचं. जोडीदार येईपर्यंत थांबायचं. तो आपलं मशीन त्या जागेवर फिरवणार, काय आहे ते ओळखणार, मग खणायचं. चुकला तर पेट्रोल पंपावरचं हॅम-बिस्किट त्याच्याकडून. जोडीदाराने बघितल्याशिवाय वस्तू मातीतून उचलायची नाही. आपल्या काउंटीत मशीन घेऊन फिरणारा प्रत्येक माणूस हे पाळतो. एकटा उचलणारा चोर, असं तुम्ही म्हणायचात.

आणि नदीकाठचा तो दिवस आठवतो का? मला एक बटण लागलं, गरुडाचं, उत्तरेच्या शिपायाच्या कोटाचं. टोपीतल्या घामाने पुसलं तर सोन्यासारखं चमकलं. आयुष्यातलं पहिलं. मी नाचत होतो. चार बोटं खाली पुन्हा तसाच गोड आवाज. दुसरं. मी गुडघ्यावर बसून हात घालणार तोवर तुम्ही माझी कॉलर धरून मागे ओढलंत. "एका रांगेत दोन बटणं म्हणजे कोट आहे. कोट आहे तर आत माणूस आहे. दुसऱ्या बटणाला थांबायचं, कॉर्ब. दोन्ही परत ठेव, भोक बुजव, टोपी काढ, आणि हे कुणाला सांगायचं नाही. कुणालाच."

मी ठेवलं परत. माझं पहिलं गरुडाचं बटण मी तुमच्या एका शब्दावर मातीत पुरलं. आणि माझ्या शब्दावर तुम्हाला एक टेकाड आठ महिने सोडवेना.

आता नीट वाचा. मिस एस्टेलने दिलेला कागद माझ्याजवळ आहे. चर्चच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, निळ्या शाईत. "कॉर्बिन टगल आणि तो ज्याला पाठवील त्या माणसाला माझ्या टेकाडावर खणायची मुभा आहे. भोक बुजवावं. फाटक लावावं. एस्टेल मेह्यू." ज्याला पाठवील, हे तुमच्यासाठी घालून घेतलं होतं मी. तिला सांगून.

तो कागद आणखी कुणालाही चालतो. उकरलेल्या वस्तू विकणाऱ्या पर्विस गॅनलाही चालतो.

खरं काय ते लिहा. नाहीतर कागद त्याला पाठवतो. तुम्ही चोरून उकरण्यापेक्षा त्याने उघड उकरलेलं मला परवडेल.

कॉर्बिन

*

१७ नोव्हेंबर १९९६
व्हर्जिनिया

कॉर्बिन,

कागद गॅनला पाठवू नकोस.

तू माझ्यावर चिडलायस, चीड. चार वर्षं मिस्टर हॉलिस म्हणायचास, या खेपेला नुसता हॉलिस झालो, तेही चालेल. मला चोर म्हण. पण कागद गॅनला पाठवू नकोस. तो कसा खणतो ते तुला माहीत आहे. तो हात वर करत नाही, भोक बुजवत नाही, आणि मातीत काय मागे राहिलं ते वळून बघत नाही. त्याला वस्तू हवी असते, ती प्रदर्शनात टेबलावर मांडून विकायला.

मी टेकाडावर गेलो होतो. एकदा मशीन चालू केलं होतं. एवढं कबूल करतो. बाकीचं कागदावर लिहिता येणार नाही. तुमच्या त्या खोलीत सहा माणसं, पत्रं उघडी पडलेली असतात, तूच एकदा लिहिलं होतंस. आणि कुणी वाचणारं नसतं तरी मला लिहिता आलं नसतं.

मार्चमध्ये ये. समोर बसून सांगेन. तोवर मला हवं ते म्हण.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे मागतोय.

हॉलिस

*

१ डिसेंबर १९९६
अलास्का

हॉलिस,

तुमचं पत्र काल, शनिवारी आलं. कागद बुधवारी गेला.

नऊ दिवस विमान उतरलं नाही. वारा होता. रोज मुकादमाच्या खोलीबाहेर जाऊन विचारायचो, "टपाल?" तो म्हणायचा, "टगल, तुझी बाई लिहीत नाही का?" सगळे हसायचे. मी म्हणायचो, "बाई नाही, एक म्हातारा आहे. बोलतीच बंद झालीय त्याची." दहाव्या दिवशी माझी खात्री पटली. माणूस पकडला गेला की गप्प बसतो. बुधवारी वारा पडला, विमान आलं ते गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की घेऊन. टपालाची पोती अजून तळावरच आहेत, मागून येतील म्हणाले. जाणारं टपाल मात्र घेतलं. मी पाकीट दिलं.

आता तुम्ही म्हणाल, आणखी तीन दिवस थांबला असतास तर. थांबलो असतो तर काय मिळालं असतं मला? तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात कारण कुठेय? "लिहिता येणार नाही." "समोर बसून सांगेन." लोरीनचा नवरा उशिरा घरी आल्यावर असंच बोलतो.

एवढं मात्र लिहून दिलंत की मशीन चालू केलं. म्हणजे कुंपण खोटं होतं, कचरा खोटा होता, आणि लोरीन खरी होती. मला तेवढंच हवं होतं.

गॅनला मी चिठ्ठीत लिहिलंय, कोठाराच्या मागे, चढाच्या डोक्यावर, जिथे एक म्हातारा रविवारी घुटमळतो तिथे बघ.

वाईट वाटलं तर वाटू द्या. मलाही वाटलं होतं.

कॉर्बिन

*

१५ डिसेंबर १९९६
व्हर्जिनिया

कॉर्बिन,

आता कागदावर लिहितो. आता लपवायला काही उरलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये मिस एस्टेलने निरोप धाडला. तिच्या पुतण्याला चढावर घर बांधायचंय, त्यासाठी यंत्राने रस्ता सपाट करणार होते. नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या. ती म्हणाली, "हॉलिस, तुझ्या पोरट्याला ज्या जुन्या वस्तू हव्यात त्या यंत्र यायच्या आत काढून घे, नाहीतर मातीत मिसळतील." मी तुला लिहिणार होतो. मग म्हटलं, लिहून उत्तर येईपर्यंत यंत्र येईल. म्हटलं, रस्त्याच्या पट्ट्यातलं तेवढं काढतो, डब्यात घालून तुझ्यासाठी ठेवतो. तू आलास की डबा पुढे करीन. तुझं तोंड कसं होईल ते मी बघून ठेवलं होतं मनात.

पहिल्याच भोकात बटण. गरुडाचं. हात वर करावा तर बघायला कुणी नव्हतं.

चार बोटं खाली दुसरं. मला कळलं, कॉर्बिन. त्या क्षणी कळलं. नदीकाठी तुझी कॉलर ओढली तो मीच ना? माझी कॉलर ओढायला कुणी नव्हतं, आणि मी स्वतःला सांगितलं, असतील दोन सुटी पडलेली. तिसरं काढलं. घाईत फावड्याचं टोक त्याला लागलं, गरुडाच्या पंखापासून कडेपर्यंत खाच पडली. त्याच्या खाली चौथं. त्या कोटाला चारच बटणं असतात. म्हणजे मी सगळी काढली. चौथ्याच्या खाली बोट गेलं ते मुळाला लागलं असं वाटलं, तपकिरी, गुळगुळीत. मूळ नव्हतं ते.

मी टोपी काढली. मग चारही बटणं जशी होती तशी परत ठेवली. माती लोटली. खुंट्या उपटून पंधरा पावलं खाली ठोकल्या आणि पुतण्याला सांगितलं, वर पाझर आहे, रस्ता खचेल. त्याने मानलं.

त्यानंतर दर रविवारी गेलो. बादलीत ओढ्यातले गोटे होते. डुकरं उकरतात म्हणून वर गोटे रचत होतो. चारी बाजूंनी खांब रोवत होतो. कुंपण म्हणजे तेच कुंपण. कुंपणाचं खोटं लिहिलं नव्हतं, अर्धंच लिहिलं होतं. ते खोट्याहून वाईट, हे आता कळतंय.

तुला का नाही सांगितलं? कुणाला सांगायचं नाही असा नियम आहे, ही एक गोष्ट. मिस एस्टेललाही सांगितलं नाही. एकाला कळलं की रविवारपर्यंत गॅनला कळतं. पण ही अर्धीच गोष्ट. उरलेली अशी की तू माझ्या शब्दावर तुझं पहिलं बटण पुरलंस, आणि मी चार काढली. साठी उलटल्यावर हे तुला कुठल्या तोंडाने लिहू?

गॅन गेल्या मंगळवारी आला. मी शहरात कानांच्या डॉक्टरकडे होतो. मिस एस्टेलने दार उघडलं. तिने मला सांगितलं ते असं. तो म्हणाला, "कॉर्बिनने पाठवलंय, मॅम." ती म्हणाली, "कॉर्बिन तुझ्यासारख्याला पाठवणार नाही." त्याने कागद काढला. तिने चष्मा लावून वाचला. तिचीच शाई, तिचीच सही. ती म्हणाली, "कॉर्बिनने पाठवलंय म्हटल्यावर मी काय बोलणार? फाटक लावून जा."

गोटे बाजूला फेकलेले होते. खांब एक आडवा. भोक उघडं, कमरेइतकं. बटणं नाहीत. पट्ट्याचं बक्कल असणार, त्याचा हिरवा डाग मातीला आहे, बक्कल नाही. मातीच्या ढिगाऱ्यावर खालचा जबडा पडला होता, दातांसकट. दात चांगले होते, पोरगा तुझ्यापेक्षा लहान असेल. वर पाऊस पडून गेला होता.

भोकाच्या तळाशी तुझा कागद सापडला. खिशातून पडला असेल त्याच्या. सोबत पाठवतोय.

शेरीफचा डेप्युटी येऊन गेला. दोरी बांधली, म्हणाला राज्याची पुराणवस्तूवाली बाई थंडी ओसरली की येईल, तोवर हात लावू नका. गॅनला विचारलं तर तो म्हणतो, बटणं मी प्रदर्शनात विकत घेतली, हाडं मी पाहिली नाहीत. तुझ्या कागदाबद्दल डेप्युटीला मी बोललो नाही. मिस एस्टेलही बोलली नाही. तुला वाचवायला नव्हे. तिला लाज वाटते, मलाही. जाळ, नाहीतर काय करायचं ते कर.

उत्तर लिहू नकोस.

हॉलिस रॅग्सडेल

*

१९ जानेवारी १९९७
लोरीनच्या घरून

मिस्टर हॉलिस,

उत्तर लिहू नकोस म्हणालात, तरी लिहितोय. हे टपालाने येणार नाही, मीच तुमच्या पेटीत टाकून जाणार आहे. काल संध्याकाळी तुमच्या दारावरून दोनदा गेलो. गाडी होती, धुराडं चालू होतं. दार वाजवलं नाही. मला बघून तुम्ही काय केलं असतं ठाऊक नाही, आणि मी काय केलं असतं तेही नाही.

तुमचं पत्र मला ओळीत मिळालं. चाकू ठेवला, ॲप्रन काढला, मुकादमाला म्हटलं, "जातो." तो म्हणाला, "मार्चपर्यंतचा करार आहे. आत्ता गेलास तर परतीचं तिकीट नाही." म्हटलं, नको. मासेमारीच्या बोटीवर भांडी घासत सिॲटलला आलो, तिथून बस. सहा दिवस बसमध्ये तुमचं पत्र मांडीवर. आधी तुमच्यावर चिडलो, मग स्वतःवर, मग पुन्हा तुमच्यावर. राज्यं बदलत गेली, राग तोच.

कारण एक ओळ पुरली असती, मिस्टर हॉलिस. "वर माणूस आहे." तीन शब्द. मी कागद खाऊन टाकला असता. लाज वाटली म्हणून तुम्ही गप्प बसलात, आणि तुमच्या लाजेची किंमत त्या बिचाऱ्याच्या जबड्याने दिली. हे मी विसरणार नाही.

आणि माझं ऐका. पाकीट चिकटवताना मला कळलं होतं. कारण माहीत नव्हतं, पण हे चूक आहे एवढं कळलं होतं. तुम्हाला दुसऱ्या बटणाला कळलं तसं. जीभ डिंकावर होती आणि मनात आलं, गॅन भोक बुजवणार नाही. तरी चिकटवलं.

काल रिचमंडला प्रदर्शन होतं. मी गेलो. हॉलभर टेबलं, तीच माणसं, तेच गळपट्टे, कॉफीचा तोच जळका वास. गॅन कोपऱ्यात. काचेच्या झाकणाच्या पेट्या मांडलेल्या. मधल्या पेटीत कापसावर चार बटणं, खाली त्याच्या बारीक अक्षरात चिठ्ठी: "उत्तरेच्या शिपायाच्या कोटाची, चारही एकाच भोकातली." एकाच भोकातली म्हटलं की भाव चढतो ना. म्हणून लिहिलं. तिसऱ्या बटणावर पंखापासून कडेपर्यंत खाच. तुमच्या फावड्याची.

गॅन म्हणाला, "कॉर्बिन, आलास का? तुझा वाटा आहे बरं का, मी विसरलेलो नाही."

त्याचा जबडा फोडायचा असं ठरवून आलो होतो. सहा दिवस तेवढंच ठरवत होतो. हात वरही गेला. पण उजवा नाही, डावा गेला. का गेला ते मला विचारू नका. मी त्याच्या टेबलासमोर डावा हात सरळ वर करून उभा राहिलो.

गॅन हसला. "हात खाली घे. शाळेत आहेस का?"

मी घेतला नाही. आधी शेजारच्या टेबलावरचा माणूस वळला. मग त्याच्या मागचा. तुम्हाला माहीत आहे, आपल्या लोकांना हात वर दिसला की राहवत नाही, मान वळतेच. दहा मिनिटांत पंचवीस-तीस माणसं गोळा झाली. बेडफर्डचे मिस्टर ऑर्विल, तेच, गॅलिसवाले, काठी टेकत पुढे आले. "काय लागलंय रे पोरा?"

"चार बटणं," मी म्हटलं. "एका रांगेत."

ते चिठ्ठीवर वाकले. एकाच भोकातली. सरळ होताना त्यांचा आवाज बदलला होता. "आणि खाली?"

"खाली जबडा. ढिगाऱ्यावर टाकून आला हा. भोक उघडं."

गॅन ओरडला, "खोटं बोलतोय. याच्याच कागदावर गेलो होतो मी तिथे. विचारा त्याला."

"खरंय," मी म्हटलं. खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. अजून मातीच होती त्याला. "कागद माझा. मीच पाठवला. एका माणसावरच्या रागाने पाठवला. वाचा सगळ्यांनी."

कुणी वाचला नाही. मिस्टर ऑर्विलनी टोपी काढली. मग मागच्यांनी. गॅन गर्दीत ओळखीचं तोंड शोधत होता, मिळत नव्हतं. प्रदर्शनवाला आला आणि म्हणाला, "पर्विस, टेबल आवर." गॅनने पेटी माझ्याकडे सरकवली. "घे. गळ्यात घाल तुझ्या." बक्कल विकलं गेलंय. कुणाला ते सांगत नाही. मी त्याच्या गाडीपर्यंत मागे गेलो, तरी नाही सांगितलं.

आज सकाळी मिस एस्टेलकडे गेलो. तिने जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतूनच म्हणाली, "कागद दे इकडे." मी फटीतून आत सरकवला. तिने घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवला. "दोन उन्हाळे तू माझी लाकडं फोडलीस, म्हणून त्याला आत सोडलं." तिने माझ्यामागे फाटकाकडे बघितलं. "येताना फाटक लावलंस?" "हो मॅम." "जातानाही लाव."

तेव्हा आता टेकाडावर पाय ठेवायची मला मुभा नाही. बटणं द्यायचीत ती त्या राज्याच्या बाईला, ती आली की. पण त्याआधी जोडीदाराने बघितली पाहिजेत, असं मला एकाने शिकवलंय.

शनिवारी सकाळी दहाला मिस एस्टेलच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर उभा असेन. उजव्या मुठीत चार बटणं. डावा हात वर. राग गेलेला नाही, तुम्हीही तुमचा घरी ठेवून येऊ नका. पण तुम्ही येईपर्यंत मूठ उघडणार नाही, आणि हातही खाली घेणार नाही.

कॉर्बिन